जत्रेतली विहीर

“जत्रेत आता काय राम राहिलाय?” माझी बायको मंजुळा म्हणाली. चाळीत नुकता रंगीत टीव्ही आलेला. तरी तिला ओढतच जोगेश्वरीच्या जत्रेत नेलं आणि मौत का कुआँ बघायला कठड्याशी उभं केलं. खाली लाकडी विहिरीच्या उभ्या भिंतीवर एक पोरगा फटफटी गरागरा फिरवत होता. त्याच्याबरोबर आम्हा सगळ्यांच्या माना फिरत होत्या. अचानक इंजिन बंद पडलं. आवाज गेला, पण फटफटी फिरतच राहिली! “नजर हटवू नका रे कोणी,” मंजुळा ओरडली, “आपल्या नजरेवरच तरलंय ते पोर!” खोटं वाटेल, पण कुणी पापणीसुद्धा लववली नाही. मग आम्ही नजर हळूहळू खाली आणली, तसा तोही उतरत आला. चाकं जमिनीला टेकली. तो हात जोडून रडत होता, आणि वर कुणालाच अजून फिरणारी मान थांबवायचा धीर होत नव्हता.