आडवी लहर

"अजून किती वेळ?" सरांनी वॉकीटॉकीत विचारलं.

"दोन बोल्ट राहिलेत," खांबाच्या टोकावरून तारवाला म्हणाला. "हात भरून आलेत, पण होतंय."

सर निवृत्तीला टेकले होते. हा त्यांचा शेवटचा हंगाम. अवकाशातून आलेले कण हवेवर आदळले की क्षणभर रेडिओलहर उठते. वाटेत वादळी ढग असला, तर त्यातल्या विद्युतक्षेत्राने ती लहर वळते. त्या वळणावरून ढगाच्या पोटात काय शिजतंय ते कळतं. त्यासाठीच माळभर अँटेना उभ्या होत्या. नेमकी मधली मुकी झाली होती, आणि ढग तर चालून येत होता.

"त्याला खाली बोलवा," संशोधिका म्हणाली. ती स्क्रीनपुढून हलली नव्हती.

"विद्युतक्षेत्राचं मीटर शांत आहे. ढग लांब आहे अजून."

"मीटरला जमिनीवरचं कळतं, सर. आत्ताच एक लहर आली. पार आडवी झालीय."

"बघू."

"बघण्यात वेळ जाईल."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. तारवाला चिमणीएवढा दिसत होता. अँटेना जोडली गेली नाही, तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात. पण लहर खोटं बोलत नाही, हे त्यांनीच जन्मभर शिकवलं होतं. त्यांनी बटण दाबलं.

"उतर. हत्यारं तिथेच टाक आणि गाडीत बस. काचा लावून घे."

"दोनच बोल्ट, सर."

"उतर म्हणतो ना."

वॉकीटॉकीत गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ सगळा माळ पांढराफटक झाला. खोलीतले दिवे गेले. खिडकीची तावदानं थरथरत राहिली. मग नुसती खरखर.

सरांनी पुन्हा बटण दाबलं. "आहेस का रे?"

बऱ्याच वेळाने कापरा आवाज आला. "आहे. खांब काळाठिक्कर पडलाय, सर."

सर स्क्रीनकडे वळले. संगणक बॅटरीवर चालूच होते.

"ती लहर दाखवा मला," ते म्हणाले. "जगाला दाखवू. माणसाचा जीव वाचवला तिने."

संशोधिका स्क्रीनपुढून बाजूला झाली. सरांनीच नोंदी उघडल्या. शेवटची लहर पाऊण तासापूर्वीची होती, अगदी सुतासारखी सरळ.

"यात तर काहीच नाही."

"नाही," ती म्हणाली. "मला भीती वाटली, सर. नुसती भीती वाटतेय म्हटलं असतं, तर उतरवलं असतंत त्याला?"