शेवटच्या वळणाआधी

विजेच्या गाड्या आल्यापासून कोल्हापूरच्या ट्रॅकवर धूर उरला नव्हता आणि आवाजही. प्रेक्षक कंटाळून निघून जायचे, म्हणून यंदा आयोजकांनी गाड्यांवर स्पीकर बसवून त्यांतून जुन्या शर्यतींत टिपलेले पेट्रोल इंजिनांचे आवाज सोडले.

दस्तगीर मिस्त्री पहिल्या रांगेत बसले होते. सात नंबरची गाडी समोरून गेली आणि ते ताडकन उठले. तिसऱ्या गिअरला स्पीकरमधलं इंजिन किंचित अडखळलं होतं. बारा वर्षांपूर्वी शर्यतीआधी इंजिनला स्क्रू ड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाला लावून त्यांनी हेच अडखळणं ऐकलं होतं, आणि तरी आपल्या पोराला, जमीरला, म्हणाले होते, "काय होत नाही, जा तू." शेवटच्या वळणावर इंजिन जाम झालं. जमीर परत आला नाही.

मिस्त्री धापा टाकत आवाज सोडणाऱ्या मुलीच्या खोलीत गेले. "पोरी, सात नंबरचा आवाज कुठवर आहे?"

"शेवटच्या वळणाआधी कापलाय, चाचा. तिथून परत पहिल्यापासून सुरू होतो."

ते तिथंच बसून राहिले. शर्यत संपली, माणसं पांगली.

"चाचा, आता हा आवाज बंद करू?"

"राहू दे गं थोडा वेळ," मिस्त्री म्हणाले. "पोरगं अजून गाडी चालवतंय."