रोवणीची ओळ

मुलांनो, डोळे मिटा आणि त्र्याऐंशी सालातली सिंदेवाहीकडची एक शाळा बघा. पाचवीत नवीनच आलेल्या सुगंधाला इथे कोणी ओळखत नाही. लकव्याने तिच्या आईची वाचा गेली होती. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिच्याकडून धानरोवणीची, म्हणजे भातलावणीची गाणी म्हणवून घेतली, तेव्हा शब्द परतले, पण फक्त गाण्यातून. आज विसरलेला डबा घेऊन आई वर्गाच्या दारातून गायली, “डबा घे वो पोरी...” “बाजारात मिरच्याबी गाऊनच घेते काय वो?” मागच्या बाकावरून कोणी ओरडलं. वर्ग हसला. सुगंधाही हसली. आई थांबली. रोवणीत एकीने टाकलेली ओळ बाकीच्यांनी झेलायची असते. त्याशिवाय पुढची सुचत नाही. आईचे ओठ नुसतेच हलत राहिले. आपलं हसू आठवून सुगंधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली आणि भरल्या वर्गात तिने ओळ झेलली, “डबा दे वो माय...”