दोन बोटं सैल

“डावा पट्टा अजून सैल आहे, चाचा.”

सत्यशीलानं पाठीवरची पिशवी खाली ठेवली. इब्राहीमचाचा शहागडला हायवेच्या कडेला ट्रकांच्या ताडपत्र्या शिवत. ही पिशवीही त्यांनी जुन्या ताडपत्रीतूनच बेतली होती. चालून बघायला आत आठ किलो ज्वारी भरली होती. गोदावरीच्या पुलापर्यंत दोन खेपा झाल्या होत्या.

“सैल कसा? तुझ्या बापाचा, भिवाचा डावा खांदा हमालीनं वर आलेला. म्हणून तर दोन बोटं लांब ठेवला.”

“सरकतो म्हणतात अण्णा. आणि उजवा टोचतो.” तिनं पदर उजव्या खांद्यावर ओढून घेतला.

“त्याला म्हण, शंभर किलोचं पोतं उचलायचा तवा न्हाई टोचलं?”

“म्हणतील, पोत्याला तुझे पट्टे नव्हते.”

चाचा हसले. मग बराच वेळ सुई शोधत राहिले. सुई त्यांच्याच सदऱ्याला खोचलेली होती.

नगरचा ड्रायव्हर सर्जेराव सकाळपासून ताडपत्रीसाठी खोळंबला होता. “निघालेत कुठं तुमचे अण्णा?”

“नागपूरला. दीक्षाभूमीवर. दसऱ्याला पोचायचंय.”

“चालत? जालन्यापर्यंत सोडतो की ट्रकमधून.”

“छप्पन्न साली चालतच गेले होते,” ती म्हणाली. “मी पाच वर्षांची. गावच्या पाटीपर्यंत रडत मागं गेले. पुढच्या खेपेला दोघं जाऊ, म्हणाले. वीस वर्षं झाली. कधी हमाली, कधी माझी शाळा. राहूनच गेलं.”

“मंग औंदा दोघं?”

“दोघं.”

चाचांनी पट्टा उसवला, दोन बोटं आत घेतला आणि पुन्हा दुहेरी टीप घातली. उजव्या पट्ट्याखाली घोंगडीचा तुकडा बसवला. तिसऱ्यांदा उसवत होते, पण कुरकुरले नाहीत.

“आत एक खिसा हवा. बटणाचा. चष्म्यासाठी.”

“चष्मा लावून न्हाई चालणार तो?” सर्जेरावनं विचारलं.

चाचा खिसा कापू लागले होते. कापडाच्या आतल्या बाजूला त्यांनी मऊ फडकं लावलं, काचेला चरा पडू नये म्हणून.

सत्यशीलानं पिशवी पाठीवर घेतली. दोन पावलं चालली. थांबली.

“आता?” चाचांनी विचारलं.

“आता बरोबर आहे.” ती जरा घुटमळली. “अण्णा म्हणाले, इब्राहीमला सलाम सांग.”

“त्याला म्हण, पाणी पीत जा रस्त्यानं. ऐकत न्हाई कुणाचं.”

“सांगते.”

ती पुलाकडे निघाली. पाठीवर पिशवी जराही हलत नव्हती. चाचा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले, मग ताडपत्री पुढ्यात ओढली.

“चाचा,” सर्जेराव म्हणाला, “अण्णांचा डावा खांदा वर आलेला म्हणलास. मंग पट्टे सारखे कसे केलेस?”

चाचांनी सुईत दोरा ओवला.

“चैतात त्याच्या तिरडीला खांदा दिला आम्ही,” ते म्हणाले. “डावीकडून मीच होतो.”