ताटकळून आणलेली सही

जुन्या सह्या विकत घेणारीनं आजींनी विकायला काढलेला फोटो खिडकीशी धरून भिंग लावलं आणि तिचं काळीज सुपाएवढं झालं. त्यावरची गाजलेल्या नटाची सही शंभर नंबरी खरी होती. रेघ न थबकता पळत होती. पण भाव पाडायचा तर नाक मुरडावंच लागतं. “आजी, ही खोटी वाटतेय. कुणीतरी सावकाश गिरवलीय.” आजींचा चेहरा उतरला. “मी रुसले होते, तेव्हा ह्यांनी आणून दिली. नाट्यगृहाच्या दाराशी ताटकळलो म्हणाले. म्हणजे घरीच बसून केली होय? जाब विचारायला आता आहेत कुठे ते!” हसता हसता त्यांनी डोळे पुसले. घेणारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “नाही हो आजी, खरीच आहे! स्वस्तात मिळावी म्हणून मीच थाप मारली.” “राहू दे गं, माझं मन नको राखूस.” आजींनी फोटो तिच्या पिशवीत सारला. “खोट्याचे पैसे नकोत.”