जतची रुई

संयोगितानं फूल हातात घेऊन निरखलं आणि पुन्हा झुडपाकडं पाहिलं.

गोठ्यामागं, शेणींच्या ढिगाआड रुई वाढली होती, चांगली कमरेएवढी. गडमुडशिंगीत रुईला काय तोटा? शनिवारी मारुतीच्या माळेसाठी अख्खं गाव तिचीच पानं तोडतं. पण इथल्या रुईच्या पाकळ्या उताण्या पसरतात. या पाकळ्या पांढऱ्या वाटीसारख्या उभ्या होत्या, टोकाला जांभळा डाग. ही कोरड्या मुलखातली, त्याच कुळातली दुसरी जात. संयोगिता कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. या गावात असं रोप तिनं एकदाच पाहिलं होतं, स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, पत्र्याच्या डब्यात.

तिच्या नवऱ्याच्या, अमरसिंहच्या, आधीच्या दोन बायका गेल्या होत्या. पहिली बाळंतपणात, दुसरी काविळीनं. आता तिसरीचं काही खरं नाही, असं भावकी उघड बोलायची. म्हणून आधी त्याचं लग्न रुईशी लावलं. सासूच्या, म्हणजे धोंडुबाईंच्या भावानं जतच्या कोरड्या माळावरून रोप आणलं आणि वधूपिता होऊन कन्यादान केलं. "माझी सवत माझ्यापेक्षा गोरी आहे की!" म्हणत संयोगिता खिदळली होती. गुरुजींनी मात्र बजावलं होतं, "तिसरीचं मरण हिच्यावर घातलंय. उद्या हिला मुळासकट तोडा. ही जगली तर ते उलटून सुनेवर येईल." तोडायचं काम धोंडुबाईंनी स्वतःकडं घेतलं होतं.

संयोगिता असलं काही मानत नव्हती. पण तिला सातवा महिना होता, आणि हात आपोआप पोटावर गेला. ज्या सासूनं हौसेनं डोहाळे पुरवले, तिच्या मनात हे होतं?

तेवढ्यात धोंडुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तिला बघून जागीच थबकल्या.

"आई, ही तीच ना? तुम्ही हिला तोडलंच नाही."

"न्हाय तोडली."

"का? मी मेले असते तर चाललं असतं तुम्हाला?"

"तसं बोलू नगंस गं!" धोंडुबाई कळवळल्या. "कोयता घिऊन आलते की. पर तिच्या अंगावरची हळद तशीच हुती. दोन सुना ह्या हातांनी पोचवल्या. तिसरीला सोताच्या हातानं कशी मारू?"

त्यांनी पदरानं डोळे टिपले. "भ्या वाटतंय, न्हाय कशाला म्हणू? म्हणून रोज पाणी घालते आन् हात जोडते. म्हणते, बाई, तू थोरली हाईस, माझ्या धाकटीला सांभाळ."

मरायला आणलेल्या रोपालाही जी सून मानते, तिच्या घरात आपण नांदतोय, या विचारानं संयोगिताला भरून आलं. तिनं सासूच्या हातातला तांब्या घेतला आणि सवतीला पाणी घातलं.