पंचांची नजर

ब्रॉक टॉलिव्हर आयोवातल्या एका लहान गावाच्या बेसबॉल संघाचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. फलंदाजासमोरच्या ठरलेल्या हद्दीबाहेरून आलेला चेंडू झेलताना तो हातमोजा इतका अलगद आत सरकवायचा, की त्याच्या मागे उभे असलेले म्हातारे पंच मर्ल तो चेंडू हद्दीतला ठरवायचे. मग मोठ्या पडद्यावर चूक उघडी पडायची आणि पाहुण्या संघाचे लोक ओरडायचे, "आंधळ्या, घरी जा." ब्रॉक मान खाली घालून पुढचा चेंडू झेलायला बसायचा.

यंदा चेंडूंचा निवाडा करायला यंत्र आलं आणि मर्लनी निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी ब्रॉकला राहवेना. त्यानं त्यांना फाटकापाशी गाठलं.

"त्या चुका तुमच्या नव्हत्या, मर्ल. मी हात सरकवत होतो."

"म्हाताऱ्याचं मन राखतोस होय?" मर्ल हसले. "जातो पोरा, मुलगी न्यायला आलीय."

"आणि तुमची गाडी?"

"विकली. डॉक्टर म्हणतात, नजर लख्ख आहे. पण माझाच तिच्यावर भरवसा उरला नाही.

उद्या रस्त्यात एखादं पोर आलं, आणि मला दिसलंच नाही तर?"